दोन पलंग, एक खोली: ११ बाय १० फुटांच्या एका मुलांच्या खोलीचे प्रकरण

पुण्यात कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर हे घर आहे. तीन बेडरूमपैकी एक आई-वडिलांची, एक आजींची आणि तिसरी, सर्वांत लहान, अनेक वर्षे इस्त्रीचे कपडे, बॅगा आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवण्यासाठी वापरली जात होती. मुलगी नऊ वर्षांची होती आणि आजींजवळ झोपत असे. मुलगा पाच वर्षांचा होता आणि आई-वडिलांच्या मध्ये झोपत असे. दोघांना मिळून स्वतःची खोली द्यायची, खोलीत दोन स्वतंत्र पलंग असावेत आणि जून महिन्यात शाळा सुरू होण्यापूर्वी सर्व काम संपावे, एवढे कुटुंबाचे म्हणणे स्पष्ट होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा मोजमाप घेण्यासाठी गेले.

आईने एक चित्र जपून ठेवले होते. दोन पांढरे पलंग, मध्ये एक छोटे टेबल, त्यावर दिवा, आणि प्रत्येक पलंगाच्या वर भिंतीवर त्या त्या मुलाच्या नावाचे पहिले अक्षर. "दोघांना अगदी सारखं द्या, म्हणजे भांडायला कारणच उरणार नाही," असे त्या म्हणाल्या. ही अपेक्षा मला बहुतेक घरांत ऐकू येते आणि तिच्यामागची कळकळ मला पटते, परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मुले पलंगाच्या रंगावरून फारशी भांडत नाहीत. दिवा कोणी मालवायचा, पंखा किती वेगाने ठेवायचा, माझ्या फळीवर तुझे पुस्तक का, यावरून ती भांडतात. म्हणून सामायिक खोलीचा आराखडा करताना दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसतात की नाही यापेक्षा कोणत्या गोष्टीवर कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न मी आधी सोडवते. या प्रकरणात तोच प्रश्न शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

खोलीची मापे आणि चित्रातला आराखडा

खोली पूर्व-पश्चिम ११ फूट आणि दक्षिण-उत्तर १० फूट आहे, म्हणजे १० चौरस मीटरांपेक्षा थोडी अधिक. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातील दुसऱ्या निवासी खोलीसाठी किमान ७.५ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि २.१ मीटर रुंदी सांगितली आहे, त्या हिशेबाने ही खोली लहान म्हणता येत नाही. पण दोन पलंग, एक कपाट आणि दोघांचे अभ्यासाचे टेबल यांसाठी ती मोजूनमापून वापरावी लागते. पूर्वेच्या भिंतीत ५ फूट रुंद सरकत्या काचांची खिडकी आहे. दार पश्चिमेच्या भिंतीत उत्तर कोपऱ्यालगत असून ते आत उघडून उत्तरेच्या भिंतीला टेकते. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे स्नानगृह आहे. कपाट उत्तरेच्या भिंतीला आधीपासूनच होते: साडेचार फूट रुंद, २ फूट खोल, तीन दारांचे, वरपर्यंत गेलेले. त्याचे लाकूड उत्तम स्थितीत असल्याने ते काढायचे नाही, फक्त त्याची दारे नव्याने करायची, असे ठरले.

चित्रातल्याप्रमाणे दोन पलंग दक्षिणेच्या भिंतीला डोकी लावून शेजारी शेजारी ठेवले तर काय होते, हे मी कुटुंबाला फरशीवर चिकटपट्टी लावून दाखवले. ३६ बाय ७५ इंचांच्या गादीसाठी पलंगाचे बाहेरचे माप ३ फूट २ इंच बाय ६ फूट ६ इंच होते. पलंगांचे पायथे आणि उत्तरेची भिंत यांच्यात साडेतीन फूट उरतात आणि त्यातले २ फूट कपाट घेते. उरलेल्या दीड फुटात कपाटाचे दीड फुटाचे दार उघडले की माणसाला उभे राहायला जागाच नाही. मुलाने त्या पट्ट्यांमध्ये आडवे होऊन पाहिले, मुलीने कपाटाचे दार उघडले आणि ते त्याच्या पायांजवळ येऊन थांबले. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हे प्रात्यक्षिक लवकर पटते, म्हणून ही चिकटपट्टीची पद्धत मी कोणत्याही घरात सोडत नाही.

वडिलांनी दुमजली पलंगाचा पर्याय सुचवला. जमिनीवरची जागा वाचते हे खरे आहे, परंतु आपल्याकडील खोल्यांत छताचा पंखा असतो आणि तोच इथे निर्णायक ठरला. छत साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती ८ फुटांवर. वरच्या गादीची पातळी ५ फुटांवर आली, तर तिच्यावर गुडघे टेकून बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा वर केलेला हात पात्यांच्या उंचीला पोहोचतो. सहा वर्षांखालील मुलाला वरच्या मजल्यावर झोपवू नये, हा सर्वमान्य दंडक आहेच. पण धाकटा खाली झोपला तरी दिवसा वर चढणार नाही, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. हा पर्याय मी स्पष्ट शब्दांत नाकारला.

आजींची अट एकच होती, आणि ती त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली: "बाई, पोरांचे पाय दक्षिणेला येऊ देऊ नका." दक्षिण ही यमाची दिशा, त्या दिशेला पाय करून झोपू नये, हे आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. अशा अटी मी वादाचा विषय करत नाही. घरातल्या एका माणसाला रोज रात्री अस्वस्थ वाटणार असेल, तर ती अट खोलीच्या मापाइतकीच खरी असते.

काटकोनातली मांडणी

शेवटी पलंग काटकोनात मांडले. धाकट्याचा पलंग दक्षिणेच्या भिंतीलगत आडवा, डोके पूर्वेला. थोरलीचा पलंग पूर्वेच्या भिंतीलगत खिडकीखाली, डोके दक्षिणेला, धाकट्याच्या पलंगाच्या उशाकडच्या बाजूला टेकलेले. ३ फूट २ इंच आणि ६ फूट ६ इंच मिळून ९ फूट ८ इंच होतात, म्हणजे १० फुटांच्या भिंतीत ४ इंच शिल्लक. आजींची अट आपोआप पाळली गेली, दोन्ही मुलांची डोकी खोलीच्या एकाच कोपऱ्यात, आग्नेयेला, आली आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ ८ फूट बाय ५ फूट मोकळी फरशी उरली, जिच्यावर आता रोज संध्याकाळी गाड्यांचे रस्ते पसरलेले असतात.

पश्चिमेच्या भिंतीलगत धाकट्याच्या पायथ्यापलीकडे ६ फूट लांब आणि २० इंच खोल असे एकच सलग टेबल दोघांना मिळून केले. इथे एक तडजोड मान्य करावी लागली: मुले पश्चिमेकडे तोंड करून बसतात, त्यामुळे खिडकीचा उजेड पाठीमागून येतो आणि वहीवर स्वतःचीच सावली पडते. त्यावर उपाय म्हणून टेबलावर प्रत्येकाच्या डाव्या हाताला स्वतंत्र दिवा दिला. दोघेही उजव्या हाताने लिहितात, म्हणून डावी बाजू. खिडकीसमोर टेबल घेतले असते तर हा प्रश्न आलाच नसता, पण मग पलंग बसले नसते.

दक्षिणेची भिंत

सजावटीबद्दल बोलताना ओलीबद्दल कोणी बोलत नाही आणि पहिल्या पावसाळ्यानंतर सजावटीचे काय होते ते सगळ्यांना दिसते. या भिंतीवर घरच्यांनी आदल्या वर्षी प्राण्यांच्या चित्रांचा वॉलपेपर लावून घेतला होता. तो खालून सुटू लागला होता. मी त्याचा कोपरा उचलला तेव्हा मागे काळी बुरशी आणि गिलाव्यावर पांढरा लोणा दिसला. कारण पलीकडच्या स्नानगृहात होते. तिथल्या टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट झिजले होते, फरशी आणि भिंत मिळते तिथे भेग होती, आणि रोजच्या आंघोळीचे पाणी विटांमधून हळूहळू या बाजूला झिरपत होते. पाणी सुकते, त्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात आणि रंगाचे पोपडे निघतात. अशा भिंतीवर कितीही महाग रंग लावला तरी तो टिकणार नाही, आणि या भिंतीलगत तर पाच वर्षांचा मुलगा रात्रभर झोपणार होता.

म्हणून खर्चाचा पहिला वाटा या खोलीबाहेर गेला. स्नानगृहातील सांधे खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरले, कोपऱ्याची भेग बंद करून त्यावर जलरोधक लेप दिला. खोलीच्या बाजूने गिलावा ३ फुटांपर्यंत विटेपर्यंत सोलून काढला आणि एप्रिलच्या सुरुवातीला नवा केला. मुले सुटीत आजोळी गेली होती, त्यामुळे भिंत सुकू देण्यासाठी घाई करावी लागली नाही. पाच आठवड्यांनी एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून २४ तास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आतल्या बाजूला खालच्या कडेजवळ बारीक थेंब होते. कंत्राटदाराला रंग सुरू करायचा होता, परंतु आम्ही आणखी दहा दिवस थांबलो. दुसऱ्यांदा लावलेला तुकडा कोरडा निघाला, तेव्हाच लांबी (रंगाआधी भिंत सपाट करणारी पुट्टी) भरायला परवानगी दिली. तरीही पलंग भिंतीपासून २ इंच दूर ठेवला आहे, मागे हवा खेळती राहावी म्हणून; त्या फटीत उशी जाऊ नये यासाठी वरच्या कडेला तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम लागू आहे, त्यामुळे नवा रंग घेताना डब्यावर तसा उल्लेख पाहता येतो. काळजी घ्यायची ती जुन्या रंगाची. ही इमारत नव्वदच्या दशकातली. दाराच्या चौकटीवर तेलरंगाचे अनेक थर होते. ते कोरडे घासले असते तर धूळ घरभर पसरली असती. म्हणून पाण्याने ओले करून घासले, पोपडे पिशवीत गोळा केले, आणि मुले घरात नसतानाच हे काम उरकले.

खिडकीखालचा पलंग

खिडकीखाली लहान मुलाचा पलंग ठेवू नये, असे मी एरवी सांगते. इथे ठेवला तो तीन गोष्टी करून घेतल्यावरच. खिडकीचा कडाप्पा जमिनीपासून अडीच फुटांवर आहे आणि गादीची वरची पातळी दीड फुटावर, म्हणजे गादीवर उभ्या राहिलेल्या मुलाच्या पायांपासून खिडकी फक्त १ फूट वर सुरू होते. जुन्या ग्रिलमध्ये आडव्या पट्ट्या आणि मधोमध मोराची नक्षी होती. दिसायला ती सुंदर होती, पण आडवी पट्टी ही मुलांसाठी शिडीच असते. ती काढून चौकटीच्या आतच फक्त उभ्या सळयांची नवी ग्रिल बसवली, दोन सळयांमधले अंतर ४ इंचांपेक्षा कमी. आग लागल्यास बाहेर पडता यावे म्हणून तिचा एक भाग उघडणारा ठेवला. त्याची किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही, पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा उंचीवर दाराच्या चौकटीला टांगलेली आहे. तिसरी गोष्ट माणसाची: हा पलंग थोरलीला दिला. तिला खिडकी हवीच होती, आणि धाकट्याला भिंतीचा आधार असलेली बाजू व मोकळ्या बाजूला काढता येणारा लाकडी कठडा मिळाला.

दोन उशांमधली फळी

थोरलीच्या पलंगाची डोक्याकडची फळी ही दोघांमधली एकमेव भिंत आहे. तिची उंची किती असावी यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. बुटकी ठेवली तर धाकटा रात्रंदिवस तिच्या जागेत डोकावणार. छताला नेली तर त्याला कोपऱ्यात कोंडल्यासारखे वाटणार, आणि आई-वडिलांच्या मधून उठून पहिल्यांदाच वेगळ्या पलंगावर झोपणाऱ्या मुलासाठी ते योग्य नव्हते. जमिनीपासून साडेतीन फूट ही उंची ठरली: झोपल्यावर दिसत नाही, उठून बसल्यावर दिसते.

त्या फळीत उशीच्या पातळीवर एक आडवी फट ठेवली आहे, ७ इंच लांब आणि ३ इंच उंच. दोन्ही बाजूंना तिला छोटी सरकती झडप आहे, आणि दोन्ही झडपा उघड्या असतील तरच फट उघडी होते. माप असेच का, तर साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या आणि नऊ इंचांपेक्षा लहान भोकात लहान मुलाचे शरीर जाते पण डोके अडकते, असा धोका दुमजली पलंग आणि खेळण्याची साधने बनवणारे टाळतात. ३ इंचांच्या फटीतून हात जातो, एवढेच. सुताराला ही कल्पना सुरुवातीला निरुपयोगी वाटली होती. परंतु बोलायचे की नाही हे प्रत्येकाला आपल्या बाजूने ठरवता येणे, ही गोष्ट एकत्र राहणाऱ्या दोन भावंडांना एरवी कुठल्याही वस्तूतून मिळत नाही.

याच कोपऱ्यात माझी चूक झाली. धाकट्याच्या पलंगाखाली दोन मोठे ड्रॉवर करायचे ठरले होते आणि पलंगाचे रेखाचित्र मी वेगळ्या कागदावर काढून सुताराला दिले होते. त्या पलंगाची मोकळी बाजू साडेसहा फूट लांब, पण त्यातले ३ फूट २ इंच थोरलीच्या पलंगाने झाकले जातात. हे खोलीच्या आराखड्यात दिसत होते, पलंगाच्या चित्रात नव्हते. पलंग जागेवर लागले आणि उशाकडचा ड्रॉवर एक इंचही बाहेर येईना. दुरुस्ती साधी होती, पण ड्रॉवर ज्यावर सरकतो ती दोन चॅनेल आणि एक दर्शनी पट्टी वाया गेली: त्या भागाला वरून, गादीखाली, उचलायचे झाकण केले आणि तिथे क्वचित लागणाऱ्या रजया गेल्या. नुकसान मी सोसले. तेव्हापासून ड्रॉवर आणि दारे मी नेहमी खोलीच्या आराखड्यावरच, पूर्ण उघडलेल्या स्थितीत काढते.

थोरलीच्या पलंगाला मुद्दाम ड्रॉवर केले नाहीत. तो चार पायांवर उभा आहे, खालून केर काढता येतो, फरशी पुसता येते आणि दोन माणसांना तो उचलून हलवता येतो. सुताराने दोन्ही पलंग भिंतीला स्क्रूने पक्के करण्याचा आग्रह धरला होता. कपाट भिंतीला पक्के केलेच पाहिजे, कारण उघड्या खणावर चढलेल्या मुलासकट ते पुढे कलंडू शकते, पण पलंग मोकळेच हवेत. आज नऊ आणि पाच वर्षांची बहीण-भावंडे आणखी चार वर्षांनी तेरा आणि नऊ वर्षांची होणार आहेत. तेव्हा मुलीला कपडे बदलण्यासाठी, मैत्रिणीशी बोलण्यासाठी आड लागणार, हे आई-वडिलांनी स्वतःहून बोलून दाखवले नव्हते. मी विचारल्यावर मात्र दोघांनीही लगेच होकार दिला. छताला थोरलीच्या पलंगाच्या दोन बाजूंनी पडद्याची पट्टी आताच बसवून ठेवली आहे, पडद्याशिवाय.

रंग, उजेड आणि गोधड्या

मुलीला जांभळी खोली हवी होती, मुलाला पिवळा जेसीबी. संपूर्ण खोली एखाद्या विषयावर सजवण्याच्या मी विरोधात आहे, कारण मुलाचे जेसीबीवरचे प्रेम दीड-दोन वर्षांत ओसरते आणि भिंतीवर काढलेला जेसीबी तसाच राहतो. चारही भिंतींना धुता येणारा फिकट मोतिया रंग दिला. प्रत्येकाच्या पलंगालगत २ बाय ३ फुटांचा टाचणीफलक लावला, एक जांभळ्या कापडाचा, एक पिवळ्या. त्यावर काय लावायचे हे फक्त त्या मुलाने ठरवायचे, आईनेही त्यात हात घालायचा नाही, हे मी दोन्ही मुलांसमोर आईकडून कबूल करून घेतले.

दोघांच्या उशाशी भिंतीवर स्वतंत्र पिवळसर दिवा, त्याचे बटण पडल्यापडल्या हाताला लागेल असे. मुख्य दिव्याला दाराजवळ आणि थोरलीच्या पलंगाजवळ अशी दोन बटणे. छताचा पंखा खोलीच्या मधोमध, स्लॅबमध्ये ओतलेल्या हुकाला आहे आणि तो हलवता येत नाही. दोघांची डोकी मात्र कोपऱ्यात. मुलाला फार उकडते आणि मुलीला पहाटे थंडी वाजते, म्हणून पंखा मंद ठेवून धाकट्याच्या पायथ्याकडच्या भिंतीवर एक छोटा पंखा वेगळा लावला. रोजचे एक भांडण या एका वस्तूने थांबले, असे आईने नंतर कळवले.

पलंगांवर टाकायला काय घ्यायचे यावर दुकानातून चादरींचे नमुने आणले होते. आजींनी ते पाहिले, काही न बोलता आत गेल्या आणि जुन्या सुती लुगड्यांचे गाठोडे घेऊन आल्या. एप्रिल आणि मे अशा दोन महिन्यांत त्यांनी दोन गोधड्या शिवल्या. वरचा थर दोन्हींना एकाच हिरव्या लुगड्याचा. काठ मात्र वेगळे, एकीला लाल, दुसरीला जांभळा. कडेपासून सुरू झालेला पांढरा धावदोरा आत आत फिरत मध्यभागी येऊन मिटतो, टाके तांदळाच्या दाण्याएवढे, आणि धाकट्याच्या गोधडीत एका जागी, जिथे लुगडे विरले होते, तिथे पानाच्या आकाराचे पिवळे ठिगळ आहे. खोलीतली ही एकच गोष्ट मी ठरवलेली नाही, आणि आत गेल्यावर नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते.

काम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपले. पहिला पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मी दक्षिणेची भिंत पुन्हा तपासली. ती कोरडी होती. पहिले सुमारे तीन आठवडे मुलगा मध्यरात्री उठून आई-वडिलांकडे जात असे, नंतर जाईनासा झाला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, ताईची खिडकी उघडी असली की मी झोपतो." थोरली आपली झडप दिवसभर बंद ठेवते. रात्री दिवे मालवल्यावर ती उघडते, आणि तो झोपला की, अर्धवट झोपेतच, हात मागे नेऊन पुन्हा सरकवते.